पेशी मेल्या, पण टायटर येत नाही: विषाणू अडकतो कुठे?

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. फ्लास्कच्या तळाला पेशींचा थर छान लागला होता. विषाणू घातला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन सुटायला लागल्या, चौथ्या दिवशी तळाला जवळपास काही उरलं नाही. सुपरनेटंट (पेशींवरचा द्रव) काढला, फिरवून गाळ बाजूला केला, छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवला. टायटर (एका मिलीलिटरमध्ये संसर्गक्षम विषाणू किती, याची मोजणी) लावला, तर प्लाक (विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोकं) दिसले ते फक्त पहिल्या दोन डायल्युशनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी पातळ केलेल्या नमुन्यांत. मग पुढचा महिना त्याच चक्रात जातो. विषाणू जास्त घालून बघायचा, एक दिवस जास्त थांबायचं, सिरमची बाटली बदलायची. आकडा जागचा हलत नाही.

मी स्वतः या चक्रात बरेच आठवडे घालवलेत आणि नव्याने कल्चर करणाऱ्यांकडून हाच प्रश्न सतत ऐकते, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे. विषाणू पेशीत तयार होणं ही एक घटना. तो पेशीतून बाहेर पडणं ही दुसरी. आणि पेशी मरणं ही तिसरीच. मायक्रोस्कोपखाली आपल्याला दिसते ती फक्त तिसरी, आणि तिच्यावरून आपण पहिल्या दोन झाल्याच असं धरून चालतो. टायटर का आला नाही हे कळायला आधी या तिघी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात.

आधी एवढं करा

पुढच्या वेळी फ्लास्क काढाल तेव्हा काहीही फेकू नका. उरलेल्या पेशी खरवडून द्रवात घ्या आणि सगळं नीट हलवून त्यातला थोडा भाग तसाच बाजूला ठेवा. उरलेलं कमी वेगाने, ३०० ते ५०० जी (गुरुत्वाच्या पटीत) वर ५ ते १० मिनिटं फिरवा. वरचा द्रव एका नळीत घ्या. खाली बसलेल्या पेशी ताज्या मीडियममध्ये मिसळा, पण मूळ द्रव जेवढा होता तेवढ्याच मीडियममध्ये. इथे बरेच जण चुकतात. २० मिलीलिटरमधल्या पेशी १ मिलीलिटरमध्ये मिसळल्या की आकडा आपोआप वीसपट दिसतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही. आता पेशींचा भाग फोडा (कसा फोडायचा हे विषाणूवर अवलंबून आहे, पुढे लिहिलंय), आणि तिन्ही नमुन्यांचा टायटर एकाच दिवशी, एकाच बॅचच्या पेशींवर लावा.

तीन आकडे हातात आले की अर्धं काम झालं. पेशींत भरपूर आणि बाहेर कमी असेल, तर अडचण सुटकेत आहे. दोन्हीकडे कमी असेल, तर अडचण वाढीत आहे, किंवा विषाणू वाढून नंतर निष्प्रभ झालाय. दोन्हीकडे चांगला असेल आणि फ्रीझरमधून काढलेल्या नळीतच कमी येत असेल, तर कल्चरला दोष देण्यात अर्थ नाही.

शक्य असेल तर हे एकाच वेळी न करता ठराविक अंतराने करा: संसर्गानंतर २ तास, १२, २४, ३६, ४८ आणि ७२. ही पद्धत फार जुनी आहे. एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये जिवाणूंच्या विषाणूवर एक-टप्पी वाढीचा आलेख काढला, आणि पुढे डोअरमन यांनी जिवाणू वेळेआधीच फोडून दाखवलं की संसर्गानंतर काही काळ आतही संसर्गक्षम विषाणू सापडतच नाही. त्या काळात विषाणू सुटा झालेला असतो, त्याचे भाग नव्याने बनत असतात. प्राण्यांच्या पेशींतही तेच होतं, फक्त घड्याळ हळू चालतं. पोलिओचा विषाणू साधारण ८ तासांत एक फेरी पुरी करतो, तर २९३ पेशींत (माणसाच्या गर्भाच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या) अॅडिनोविषाणूला २४ ते ३६ तास लागतात. आतला आकडा वर जातो आणि काही वेळाने बाहेरचा त्याच्या मागून जातो. या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे सुटकेला लागलेला वेळ. तुमच्या विषाणूत ते अंतर किती आहे हे एकदा बघितलं की फ्लास्क कधी काढायचा याचा अंदाज बांधावा लागत नाही.

या आलेखासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सगळ्या पेशींना एकदम संसर्ग व्हायला हवा. पेशीमागे सरासरी १ विषाणू घातला तर ३७ टक्के पेशींना एकही मिळत नाही, कारण वाटणी समान होत नसते. ३ घातले तर ५ टक्के कोऱ्या राहतात, ५ घातले तर १ टक्क्याहून कमी. दुसरी गोष्ट, विषाणू चिकटायला दिलेला तास संपला की थर दोन-तीनदा धुवा. न धुतलेला जुना विषाणू द्रवात तरंगत राहतो आणि "सुटका लवकर झाली" असा भास होतो. २ तासांचा नमुना त्यासाठीच घ्यायचा, तो शून्याच्या जवळ असायला हवा.

पेशींत भरपूर, बाहेर कमी

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझा स्वतःचा घोटाळा इथला आहे आणि दर दुसरा फ्लास्क इथेच वाया जातो असं मला दिसतं.

मी कामाला लागले तेव्हा हातात अॅडिनोविषाणूचा वेक्टर (बाहेरचं जनुक पेशीत नेणारा विषाणू) होता, हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा. पेशी २९३. तिसऱ्या दिवशी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला तर पेशी फुगून गोल झालेल्या, द्राक्षांच्या घोसासारख्या एकमेकींना धरून तळापासून उचललेल्या, आणि दिवा बदलला की प्रत्येक द्राक्ष हिरवंगार. मला वाटलं काम झालं. सुपरनेटंट जपून ठेवला आणि पेशींचा पेलेट (तळाशी बसलेला गोळा) ब्लीचच्या भांड्यात टाकला. टायटर इतका पडला की मी वेक्टरच बिघडला असं ठरवून सगळी बांधणी पहिल्यापासून केली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या ताईंनी विचारलं, "पेशी कुठे ठेवल्यास?" मी भांड्याकडे बोट दाखवलं. पुढच्या खेपेला पेलेट ठेवला, थोड्या मीडियममध्ये मिसळून तीनदा गोठवून वितळवला, आणि विषाणू तिथे होता, सुपरनेटंटपेक्षा कितीतरी पटींनी जास्त.

कारण साधं आहे. अॅडिनोविषाणूचे कण पेशीच्या केंद्रकात जुळतात, दाटीवाटीने, जवळपास स्फटिकासारख्या रांगांत. त्यांना आवरण नसतं, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून कळीसारखं फुटून बाहेर पडायची वाट त्यांच्याकडे नाही. पेशी फुटेल तेव्हाच ते बाहेर येणार. आणि पेशी फोडायचं काम बऱ्याच अंशी विषाणूच्या जनुकसंचातल्या ई३ भागातलं एक छोटं प्रथिन करतं, ज्याला अॅडिनोविषाणूचं मृत्यू-प्रथिन म्हणतात. ते नसलेल्या विषाणूत कण तेवढेच बनतात, पण पेशी कितीतरी उशिरा फुटतात. आता आठवा, नेहमीच्या वापरातल्या कितीतरी वेक्टरमध्ये जागा करण्यासाठी ई१ सोबत ई३ भागही काढून टाकलेला असतो. म्हणजे आपण स्वतःच सुटकेचं दार काढून घेतलंय आणि मग दाराबाहेर वाट बघतोय. गोल झालेली, सुटलेली, तरंगणारी पेशी फुटलेली असतेच असं नाही. ट्रिपान ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून बघा, घोसातल्या बऱ्याच पेशी रंग आत घेत नाहीत.

म्हणून इथे उपाय म्हणजे थांबणं नव्हे. बहुतेक पेशी गोल झाल्या आणि निम्म्याच्या आसपास सुटल्या की पेशींसकट सगळं काढायचं, फिरवायचं, आणि पेलेट फोडायचा. कोरड्या बर्फ-अल्कोहोलात किंवा उणे ८० मध्ये पूर्ण गोठवायचं, मग ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायचं. नळीत बर्फाचा शेवटचा पापुद्रा तरंगत असतानाच बाहेर काढायची आणि बोटांनी हलवत वितळू द्यायची. गरम पाण्यात विसरून ठेवलेल्या नळीतून जे जातं ते परत मिळत नाही. हे तीनदा. शेवटी फिरवून कचरा खाली बसवायचा. प्रत्येक वेळी नळी हूडमध्येच उघडायची, झाकणाला रबरी कडं असलेलीच वापरायची, आणि सेंट्रिफ्यूजला झाकणबंद कप लावायचे. गोठून-वितळून तडकलेली नळी हा आपल्या कामातला सगळ्यात नकळत होणारा फवारा आहे.

पण हीच युक्ती सगळीकडे लावू नका. आवरण असलेल्या विषाणूंना तीनदा गोठवणं महागात पडतं, आवरण फाटतं आणि आकडा खाली येतो. हर्पिस कुळातल्यांचं बघा. त्यांचा प्रवासच लांबलचक: कवच केंद्रकात बनतं, केंद्रकाच्या आतल्या पडद्यातून एक आवरण घेऊन बाहेर येतं, ते आवरण बाहेरच्या पडद्यात टाकून देतं, पेशीद्रवात प्रथिनांचा थर चढवतं आणि गॉल्जीजवळच्या पिशव्यांत शिरून खरं आवरण मिळवतं. वाटेतल्या कोणत्याही मुक्कामावर माल साठू शकतो. त्यांच्यासाठी एकदाच गोठवणं आणि मग बंद नळी थंड पाण्यात बुडवून थोडक्यात सोनिकेशन, हे जास्त चांगलं चालतं.

हर्पिस कुळातले काही तर द्रवात येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कांजिण्यांचा विषाणू कल्चरमध्ये पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो. नव्याने आवरण चढलेले कण बाहेर पडायच्या आधी आम्लधर्मी पिशव्यांत वळवले जातात आणि तिथेच त्यांची मोडतोड होते, म्हणून सुपरनेटंटमध्ये शोधून काही हाती लागत नाही. कोंबड्यांच्या मॅरेक रोगाचा विषाणू याच्याही पुढचा. पक्ष्याच्या शरीरात पेशीमुक्त विषाणू तयार होतो तो फक्त पिसाच्या मुळाजवळच्या त्वचेत. कल्चरमध्ये तो पेशींना धरूनच राहतो. त्यामुळे सीव्हीआय ९८८ या वाणाची लस म्हणजे संसर्ग झालेल्या जिवंत पेशी असतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या. पेशी मेली की लस मेली. असा विषाणू हातात असेल तर सुपरनेटंटचा टायटर वाढवायची धडपड सोडा. संसर्ग झालेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवा, मोजा, डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घालून हळूहळू गोठवा, आणि पुढचा संसर्ग त्याच पेशी नव्या थरावर टाकून करा.

देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूतही बहुतेक कण आतच राहतात. थोड्यांनाच जादा आवरण मिळतं आणि ते बाहेर जातात. हे डोळ्यांनी बघायची एक सुंदर संधी आहे: प्लाकवर घट्ट जेल न घालता द्रव मीडियम ठेवलं तर काही वाणांत प्लाकला एका बाजूने शेपूट फुटते, धूमकेतूसारखी. ती शेपूट म्हणजे सुटलेल्या कणांनी प्रवाहाच्या दिशेने केलेले नवे संसर्ग. आयएचडी-जे या वाणात शेपूट ठसठशीत असते, डब्ल्यूआर वाणात जवळपास नसतेच. दोन्ही वाणांत आत विषाणू बनतो, फरक सुटकेत आहे. एका प्लेटवर हे शेजारी-शेजारी बघितल्यापासून "वाढ" आणि "सुटका" हे शब्द मी कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत.

पडद्यापर्यंत आला आणि तिथेच चिकटला

काही वेळा कण पूर्ण बनलेला असतो, पेशीच्या बाहेरही असतो, पण पेशीला चिकटून. फिरवलं की पेशींबरोबर खाली जातो आणि आपल्याला वाटतं तो आत आहे.

इन्फ्लुएंझात कण सोडवायचं काम न्यूरामिनिडेज हे विकर सांभाळतं. ज्या सियालिक आम्लाला धरून विषाणू पेशीत शिरतो, तेच आम्ल पेशीच्या पृष्ठभागावर आणि नव्या कणांच्या अंगावरही असतं. न्यूरामिनिडेजने ते कापलं नाही तर कण पेशीला आणि एकमेकांना चिकटतात. १९७४ मध्ये तापमान-संवेदी उत्परिवर्ती विषाणूंवर हे स्पष्ट दिसलं: न्यूरामिनिडेज बंद पडलेल्या तापमानाला पेशीच्या पृष्ठभागावर कणांचे ढीग. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध याच जागी घाव घालतं. ओळखायची खूण सोपी: काढलेल्या मालाला थोडा वेळ जिवाणूजन्य न्यूरामिनिडेज द्यायचं. सुपरनेटंटचा हिमॅग्लुटिनेशनचा (विषाणू रक्तपेशी एकमेकींना चिकटवतो, त्यावरून केलेली मोजणी) आकडा चढला, तर माल चिकटलेला होता.

रेट्रोविषाणू आणि त्यांचे वेक्टर वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कळी पडद्यापासून तोडायला विषाणू पेशीचीच यंत्रणा उसनी घेतो, जिला एस्कर्ट म्हणतात. एचआयव्हीच्या गॅग प्रथिनाच्या पी६ टोकावरचा छोटा तुकडा एस्कर्टमधल्या टीएसजी१०१ या प्रथिनाला धरतो, हे २००१ मध्ये कळलं. तो तुकडा बिघडवला की कण देठाने लटकत राहतात. दुसरी गोष्ट टेथरिन. २००८ मध्ये सापडलेलं हे प्रथिन एक टोक पडद्यात आणि दुसरं कणात रोवून त्याला बांधून ठेवतं, आणि एचआयव्हीचं व्हीपीयू प्रथिन त्याचा बंदोबस्त करतं. हेला पेशींत (माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) टेथरिन कायम असतं, २९३टी मध्ये इंटरफेरॉन (विषाणू आल्यावर पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रथिन) दिल्याशिवाय जवळपास नसतं. त्यामुळे तीच बांधणी एका पेशीत भरभरून सुटते आणि दुसऱ्या पेशीत अडकते. "त्या प्रयोगशाळेत चालतं, आमच्याकडे नाही" अशा तक्रारीत पहिला प्रश्न पेशी कोणत्या, हाच असावा.

उलट बाजूही सांगते. पेशी फोडूनच सुटतात असं ज्यांच्याबद्दल आपण शिकलो, ते सगळे तसे नसतात. हिपॅटायटिस ए चा विषाणू पेशीच्या पडद्यात गुंडाळून, पेशी न फोडता बाहेर येतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. पोलिओचे कण एका पिशवीत अनेक असे गटाने बाहेर पडतात, हे २०१५ मध्ये. याचा मोजणीवर परिणाम होतो: एका पिशवीत कितीही कण असले तरी प्लाक एकच उठतो. आरएनए खूप आणि प्लाक थोडे दिसले तर सगळे कण निकामी आहेत असं लगेच म्हणू नका.

दोन्हीकडे कमी

आता पेशीतही नाही आणि बाहेरही नाही. इथे माझा पहिला संशय नेहमी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूवर असतो, आणि तो मला फार वेळा खरा ठरलेला दिसलाय.

मायकोप्लाझ्मा मीडियम गढूळ करत नाही. मिलीलिटरमध्ये कोटीच्या घरात असला तरी द्रव स्वच्छ दिसतो. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि तो इतका लवचिक की ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही जाऊ शकतो. पेशी वाढत राहतात, थोड्या हळू. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आर्जिनिन या अमिनो आम्लामधून येतो. मायकोप्लाझ्माच्या कितीतरी जाती मीडियममधलं आर्जिनिन खाऊन टाकतात, आणि अॅडिनोविषाणू व हर्पिस यांना आर्जिनिन भरपूर लागतं. अॅडिनोविषाणूच्या गाभ्यातलं डीएनए बांधणारं प्रथिन आर्जिनिनने ठासून भरलेलं असतं. आर्जिनिन संपलं की पेशी आजारी दिसतात, काही मरतातही, पण कण जुळत नाहीत. सीपीई (पेशींचं डोळ्यांना दिसणारं नुकसान) आहे आणि टायटर नाही, नेमकं हेच चित्र. १९६० च्या दशकातच हे माहीत झालं होतं, तरी आजही प्रत्येक पिढी ते नव्याने शोधते.

तपासणी अवघड नाही. पेशी प्रतिजैविकाशिवाय तीन-चार दिवस वाढवा, काचपट्टीवर स्थिर करा, होएख्स्ट किंवा डॅपी (डीएनएला धरून निळे चमकणारे रंग) लावा. स्वच्छ पेशीत केंद्रक तेवढे निळे चमकतात आणि मधली जागा काळी दिसते. लागण झालेल्या पेशींत त्या काळ्या जागेत, पेशीच्या कडेकडेने, निळी धूळ सांडल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. एकदा बघितलं की विसरत नाही. सोबत पीसीआर लावा. लागण निघाली तर त्या पेशी टाका आणि जुन्या, तपासलेल्या साठ्यातून नव्या उघडा. मौल्यवान पेशी औषध देऊन वाचवता येतात, पण तोवर त्या वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. आणि विषाणूचा साठाही तपासा. आपण सगळे पेशी बदलतो आणि मग त्याच दूषित साठ्याने नव्या पेशींना पुन्हा लागण करतो.

गाय-म्हशींच्या विषाणूंवर काम असेल तर आणखी एक गुपचूप पाहुणा असतो: बीव्हीडी, म्हणजे गुरांच्या अतिसाराचा विषाणू. गोवंशाच्या गर्भाच्या सिरममधून तो येतो, त्याचा एक प्रकार पेशींना काहीच करत नाही, आणि गाईच्या मूत्रपिंडाच्या एमडीबीके पेशी त्याने लागण झालेल्या सापडणं ही जुनी डोकेदुखी आहे. तो पेशीची इंटरफेरॉनची तक्रार-यंत्रणा दाबून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या विषाणूचे आकडे वर-खाली होतात आणि कारण सापडत नाही.

इंटरफेरॉन स्वतः हेही कारण असतंच. कमी विषाणू घालून बऱ्याच फेऱ्या होऊ द्यायच्या असतील, तर पहिल्या फेरीतल्या पेशी शेजाऱ्यांना सावध करतात आणि पुढची फेरी मंदावते. व्हेरो पेशी म्हणूनच इतक्या कामाच्या. १९६२ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या या पेशी टाइप १ इंटरफेरॉन बनवूच शकत नाहीत, ती जनुकंच त्यांच्यात गळालेली आहेत. बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनला मात्र त्या प्रतिसाद देतात, हे विसरायचं नाही. जुन्या फ्लास्कचा इंटरफेरॉनने भरलेला द्रव थेट व्हेरोवर टाकला की ती अडचण आपणच आणून ठेवतो.

आणि मग अपुरे कण. साठा पातळ न करता एका फ्लास्कमधून दुसऱ्यात ढकलत राहिलं की जनुकसंचाचे तुकडे गळालेले कण साचतात. ते स्वतः वाढू शकत नाहीत, पण शाबूत विषाणूची यंत्रसामग्री पळवतात. फॉन मॅग्नस यांनी इन्फ्लुएंझात हे अंड्यांमध्ये पाहिलं, आणि १९७० मध्ये हुआंग व बाल्टिमोर यांनी या कणांची संकल्पना नीट मांडली. खूण अशी की आकडा करवतीच्या दातांसारखा एका खेपेला वर आणि पुढच्या खेपेला खाली जातो. शिवाय विषाणू जास्त घातला की उत्पादन कमी होतं, आणि आपण नेमका तोच उपाय करत असतो. प्लाकमधून विषाणू पुन्हा उचला, पेशीमागे ०.०१ एवढाच घालून नवा साठा करा, आणि तो साठा पुरवून वापरा. पासाज क्रमांक (साठा कितव्यांदा वाढवलाय तो आकडा) नळीवर लिहिलेला नसेल तर ती नळी साठा म्हणून वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

कण आहेत, संसर्ग नाही

हिमॅग्लुटिनेशन किंवा पीसीआरचा आकडा चांगला आणि प्लाक नाहीत, असं असेल तर कण बाहेर आलेत, पण चावी फिरलेली नाही. बहुतेक इन्फ्लुएंझा विषाणूंचं हिमॅग्लुटिनिन प्रथिन कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशींत ते कापायला बाहेरून टीपीसीके-ट्रिप्सिन (प्रथिन कापणारं विकर) द्यावं लागतं, आणि सिरममध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. पेशी नीट न धुता ट्रिप्सिन घातलं की उरलेलं सिरम ते गिळतं.

दुसरी शक्यता: विषाणू चांगला निघाला आणि ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये वाट बघत मेला. याची चाचणी करायला काही लागत नाही. माहीत असलेल्या टायटरचा साठा तुमच्या मीडियममध्ये, पेशींशिवाय, त्याच इनक्युबेटरमध्ये २४ तास ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा धडाधड पडला तर "अजून एक दिवस थांबू" हा विचार सोडा. सुटकेचा वेग आणि मरण्याचा वेग यांची शर्यत असते, आणि मीडियम पिवळं पडल्यावर, म्हणजे आम्ल झाल्यावर, मरण्याचा वेग वाढतो. फ्रीझरमधलं नुकसान वेगळं मोजा: गोठवण्याआधी आणि गोठवल्यानंतर. उणे २० अंशांवर आवरणवाले विषाणू ठेवू नका, थोडं सिरम किंवा सुक्रोज घाला, लहान नळ्यांत भरा म्हणजे पुन्हापुन्हा वितळवावं लागणार नाही. कोरड्या बर्फात पाठवताना झाकण सैल असेल तर कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रव आम्ल होतो.

मोजणीतल्या चुका पटकन सांगते, कारण त्या पटकन सुधारतात. प्रत्येक डायल्युशनला पिपेटची टीप बदला. चिकटण्याच्या तासात द्रव कमी ठेवा आणि दर १०-१५ मिनिटांनी प्लेट हलवा, नाहीतर मधला भाग कोरडा पडतो. वरून घालायचं जेल ४२ अंशांच्या पुढे गरम असेल तर थरच भाजतो. आणि टीसीआयडी-५० (निम्म्या पेशीखणांना लागण करणारी मात्रा) चा आकडा व प्लाकचा आकडा थेट शेजारी ठेवू नका. पहिल्याला साधारण ०.७ ने गुणलं की दुसऱ्याच्या जवळ जाता येतं, तेही दोन्ही मोजण्या सारख्याच पेशींवर केल्या असतील तर.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर सोबत हे सांगा: विषाणू कोणता आणि कोणत्या वाणाचा, साठ्याचा पासाज क्रमांक, पेशी कोणत्या आणि त्यांची मायकोप्लाझ्मा तपासणी कधी झाली, पेशीमागे किती विषाणू घातला, धुतलं की नाही, कोणत्या तासाला काढलं, आणि सुपरनेटंट व पेलेट यांचे वेगवेगळे टायटर. शेवटचे दोन आकडे नसतील तर मी तरी आधी तेच मागेन.